हौशी गटातून व्यावसायिक माउंटन बाइक शर्यतीत उतरताय? या चुका टाळा

हौशी गटातली माझी शेवटची शर्यत मी दोन मिनिटांच्या फरकाने जिंकलो. त्यानंतरच्या, म्हणजे एलिट गटातल्या पहिल्याच शर्यतीत, चौथ्या फेरीला अधिकाऱ्याने हात आडवा धरून मला ट्रॅकच्या बाहेर काढलं. सायकल धड होती, पाय धड होते, पडलोबिडलो नव्हतो. ८० टक्क्यांच्या नियमात सापडलो होतो. आघाडीच्या स्वाराला पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागतो, त्याच्या ८० टक्के वेळाने तुम्ही मागे पडलात की तुमची शर्यत संपली. त्याची पहिली फेरी १० मिनिटांची असेल, तर त्याच्यामागचं तुमचं अंतर ८ मिनिटांच्या आतच राहावं लागतं. हा नियम मला ठाऊक होता. तो आपल्याला लागू होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत कितीतरी नव्या मुलामुलींना याच वाटेने बाहेर पडताना पाहिलं. त्यांच्यात दम नसतो असं नाही. घोडं भलतीकडेच पेंड खातं. हौशी गटात ज्या सवयींनी पदकं मिळवून दिली, त्याच वर गेल्यावर नडतात. इथे मी मुख्यतः क्रॉस-कंट्रीबद्दल लिहितोय, म्हणजे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून खेळली जाणारी, साधारण दीड तासाची, फेऱ्यांची शर्यत. डाउनहिलवाल्यांची, म्हणजे नुसत्या उतारावरून खाली सुटणाऱ्यांची, दुखणी वेगळी असतात.

शेवटच्या रांगेतून पहिल्या रांगेसारखं सुटणं

हौशी गटात आपण पुढे उभे असतो. एलिटमध्ये नाव पुकारून उभं करतात, आणि तो क्रम यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, गुणांवर ठरतो. तुमच्याकडे गुण शून्य, म्हणजे तुम्ही शेवटच्या रांगेत. पहिलं वळण येईपर्यंत तुमच्यापुढे पन्नास-साठ जणांची पाठ असते.

इथे दोन प्रकारची माणसं चुकतात. एक जण जीव खाऊन सुटतो, कडेच्या गवतातून दहा जणांना मागे टाकतो आणि पहिल्या अरुंद पायवाटेच्या तोंडाशी सगळ्यांसोबत एक पाय जमिनीवर टेकवून उभा राहतो. तिथे रांग लागलेली असते. त्याची धाप मात्र आभाळाला पोचलेली असते, आणि तिसऱ्या फेरीला पायांचा दगड होतो. दुसरा जण ‘माझा वेग मला माहीत आहे’ म्हणत निवांत सुटतो आणि त्याच रांगेच्या शेपटाला अडकतो. फेरी संपेस्तोवर आघाडी दोन मिनिटं पुढे निघून गेलेली असते.

मी आता सांगतो ते असं: ट्रॅक बघतानाच दोन सायकली शेजारी मावतील अशा जागा मोजून ठेवा. एका फेरीत त्या पाच-सहाच निघतात. जोर त्या जागांसाठी राखा आणि रांगेत असाल तेव्हा श्वास परत मिळवा. आणखी एक बारीक गोष्ट. वॉर्मअप आटोपून नाव पुकारायला उभं राहिलं की सुटेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात आणि अंग गार पडतं. जॅकेट शेवटच्या क्षणी काढा, आणि वॉर्मअपमधला शेवटचा जोराचा टप्पा रांगेत जाण्याच्या अगदी आधी उरका.

गुण मिळवायचे तर थेट वर्ल्ड कपच्या मागे लागू नका. यूसीआयच्या शर्यतींमध्ये एचसी (सगळ्यात वरची), क्लास १, क्लास २, क्लास ३ अशी उतरंड आहे. खालच्या पायरीवर दहावा येऊन मिळालेले गुण पुढच्या खेपेला तुम्हाला दोन रांगा पुढे नेतात. वर्ल्ड कपला शंभरावा आलात तर एक फोटो मिळतो.

ट्रॅक एकदा बघितला म्हणजे झालं

२६ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकची पुरुषांची शर्यत इझूच्या ट्रॅकवर होती. मॅथ्यू व्हॅन डर पूल सोन्याच्या दावेदारांपैकी एक. पहिल्याच फेरीत एका मोठ्या दगडावरून खाली उतरताना त्याचं पुढचं चाक खाली गेलं आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. सरावाच्या वेळी तिथे लाकडी उतरण लावलेली होती. ती शर्यतीतही असेल असं तो धरून चालला होता, ती काढून टाकलेली होती. पुढे त्याने शर्यत सोडून दिली. त्याच दिवशी टॉम पिडकॉकने सुवर्ण जिंकलं.

एवढ्या मोठ्या स्वाराचं असं होतं, तर शनिवारी दुपारी तीन फेऱ्या मारून हॉटेलवर परतणाऱ्या तुमचंआमचं काय! हौशी गटात ओळखीच्या डोंगरावर सहा वर्षं सायकल मारून आपण जिंकत आलेलो असतो. तिथली मुळं, तिथले दगड पाठ असतात. ते पाठांतर इथे शून्य किमतीचं, आणि नवा ट्रॅक एका दिवसात वाचायची सवय कधी लागलेली नसते.

पहिली फेरी पायी चाला. अवघड जागा खालून वर बघा, कारण वरून फक्त भीती दिसते आणि खालून वाट दिसते. प्रत्येक अवघड तुकड्याला दोन वाटा ठरवा: एक ताज्या पायांची, एक शेवटच्या फेरीची, हात थरथरत असतानाची. मग तो तुकडा शर्यतीच्या वेगाने कुणाच्या तरी मागे राहून उतरा. एकट्याने उतरताना दिसणारा दगड पुढे चाक असलं की दिसत नाही. शर्यतीच्या सकाळी तिथे परत जा. रात्रीत पाऊस पडलेला असतो, काल सुटी असलेली माती चिकट झालेली असते, शंभर टायरांनी नवी चाकोरी पाडलेली असते.

अंगठ्याने हवा तपासणं

सगळ्यात जास्त शर्यती मी इथे घालवल्या, म्हणून थोडं सविस्तर.

टायर अंगठ्याने दाबून ‘बरोबर आहे’ म्हणणारे हौशी गटात चालून जातात. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये १९ आणि २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) अंगठ्याला सारखेच लागतात, पण ओल्या मुळावर एक पकडतो आणि दुसरा सटकतो. आकडे दाखवणारा छोटा गेज घ्या आणि कायम तोच वापरा. दोन गेज क्वचितच एकसारखं बोलतात. ६५-७० किलोचा स्वार आणि २.३-२.४ इंची टायर असेल तर १८ ते २२ पीएसआयच्या दरम्यान कुठेतरी सुरुवात करा, मागच्या चाकात दोनेक जास्त.

तिथून पुढे टायर स्वतःच सांगतो. दगडावर रिमचा ‘टक्’ असा कोरडा आवाज एका फेरीत दोनदा आला, तर हवा एक-दीडने वाढवा. वळणावर टायर रिमच्या बाहेर झुकतोय, फुस्स करून थोडी हवा सुटतेय, तरीही वाढवा. पुढचं चाक दगडावरून उसळून बाजूला पडत असेल तर कमी करा. बारीक भोक पडलं आणि सीलंटने, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये ओततात त्या द्रवाने, ते भरलं नाही, तर बहुतेक वेळा दोष सीलंटच्या वयाचा असतो. दोन-तीन महिन्यांत ते आतल्या आत सुकतं. चाक काढून कानाशी हलवा. पाण्यासारखा आवाज आला नाही तर आत उरलाय तो फक्त रबराचा पापुद्रा.

ट्रॅकवर काडतुसाने (दाबलेल्या वायूच्या छोट्या नळकांडीने) हवा भरत असाल तर व्हॉल्व वरच्या बाजूला आणून मग भरा. खाली ठेवलात तर तो बर्फगार वायू थेट साठलेल्या सीलंटवर जातो आणि काही सीलंटच्या गुठळ्या होतात.

पंक्चर झालं म्हणजे शर्यत गेली असंही धरून बसू नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पिडकॉकचं पुढचं चाक शर्यतीच्या मध्यावर बसलं, पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी ठरवलेल्या जागेत, चाक बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, आणि तरी शेवटच्या फेरीत व्हिक्टर कोरेत्झकीला मागे टाकून तो ९ सेकंदांनी जिंकला. पिट कुठे आहे, त्याच्या आधी किती ट्रॅक आहे, बसलेल्या चाकावर तिथवर कसं पोचायचं, हे त्याला माहीत होतं. आपण मात्र मित्राला ‘कुठेही उभा राहा’ म्हणून सांगतो. या शर्यतीत बाहेरची मदत फक्त ठरलेल्या जागेत चालते. झाडाखाली उभ्या मित्राने दिलेला पंप तुम्हाला बाद करू शकतो. पिट मागे राहिलं म्हणून ट्रॅकवरून उलटं फिरता येत नाही, आणि अख्खी सायकल बदलायला तर मुळीच परवानगी नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नवीन काहीतरी

नवे शूज, नवी सीट, नवे ब्रेक पॅड. मोह होतो, कारण हातात वेळ असतो आणि मन अस्वस्थ असतं. नवे पॅड मध्यम वेगावरून, चाक पूर्ण न थांबवता, पंधरा-वीस वेळा दाबून बसवल्याशिवाय नीट धरत नाहीत, वर किंचाळतात. बदलायचंच असेल तर आठवडाभर आधी. डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) मात्र जास्तीचा कायम बॅगेत हवा, तो सायकलीगणिक वेगळा असतो आणि नेमका आपल्याच सायकलीचा कुठे मिळत नाही.

दीड तास पाण्यावर काढणं

पाऊण तासाची हौशी शर्यत पाण्याच्या एका बाटलीवर निभते. दीड तासाची पूर्ण ताकदीची शर्यत निभत नाही. तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट हा सध्याचा सर्वमान्य आकडा. पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच एवढं पोटात ढकललं तर पोट ते बाहेर ढकलेल. पोटालाही सराव लागतो. तासाला ३०-४० ग्रॅमपासून सुरू करून, जोराच्या सरावातच, आठवड्यागणिक वाढवत न्या. मळमळ होत असेल तर आधी बघा जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) पाण्याशिवाय घेताय का, आणि एकाच जातीची साखर घेताय का. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज शरीरात वेगवेगळ्या वाटेने शोषले जातात, म्हणून दोन्ही असलेलं मिश्रण जास्त पचतं.

आणि कुठे खायचं ते ठरवा. मी एकदा लांब चढाच्या माथ्यावर जेल फोडलं, समोर लगेच उतार लागला, जेल दातात धरून अख्खा उतार उतरलो. खाली पोचलो तेव्हा निम्मं जेल हनुवटीवर होतं आणि राहिलेलं ग्लोव्हजवर, गिअर बदलताना अंगठा सटकत होता.

रोजच शर्यत

नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास मिळत होते तेव्हा प्रत्येक तास झोकून दिला, आणि त्याने आपण जिंकलो. आता पंधरा तास मिळतात, तेही तसेच झोकून देतो आणि सहा आठवड्यांत कोसळतो. सहनशक्तीच्या खेळातली वरची मंडळी आपला बहुतांश सराव, ढोबळमानाने ८० टक्के, बोलता येईल इतक्या सावकाश करतात. जोराचे दिवस कमी, पण खरोखर जोराचे.

खूण ओळखा: चढावर जोर लावूनही हृदयाचे ठोके नेहमीसारखे चढत नाहीत, रात्री थकून पडताय पण झोप लागत नाही, घरच्यांवर चिडचिड होतेय. यावर आणखी सराव हा उपाय नाही. वजन कमी करायच्या नादात जेवण तोडलं असेल तर त्याहून वाईट. खाणं आणि खर्च यांचा मेळ तुटला की हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. मुलींची पाळी थांबली तर ‘सराव चांगला चाललाय’ असं समजणारे प्रशिक्षक अजून भेटतात. त्यांच्यापासून दूर राहा.

मोठ्या शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत सरावाचे तास जवळपास निम्म्यावर आणा, जोराचे छोटे तुकडे मात्र चालू ठेवा. पाय जड वाटतात, मन खातं. वाटू द्या.

सर्दीचं औषध

शर्यतीचं लायसन्स घेतलं की उत्तेजक चाचणी तुम्हालाही लागू. काही सर्दीच्या गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर चालत नाही. वेदनाशामक ट्रॅमाडोल वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेदरम्यान बंद आहे. यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते. ‘डॉक्टरांनी दिलं होतं’ हे उत्तर पुरत नाही, आणि व्यायामशाळेतल्या मित्राने दिलेली पावडर तर अजिबात नाही.

डोक्यावर पडलात, हेल्मेटला चीर गेली, किंवा पडण्याआधीचं आठवत नसेल, तर सायकलीवर परत बसू नका. याला अपवाद नाही.

कराराचं पहिलंच पान वाचणं

माउंटन बाइकमध्ये व्यावसायिक म्हणजे पगारी असं नसतं. पगारावर जगणारे मूठभर, बाकीचे सायकल, टायर आणि प्रवासखर्चाचा काही भाग यावर धावतात. म्हणून पहिला करार आला त्या दिवशी राजीनामा देऊ नका. करारात बघायचं ते हे: हंगामाच्या मध्यात हाड मोडलं तर काय, फ्रेम तुटली तर कोण देणार, चिखलात त्यांचा टायर चालत नसेल तर दुसरा लावता येईल का, आणि हंगाम संपल्यावर सायकल कुणाची.

हा शेवटचा मुद्दा माझ्या करारात तिसऱ्या पानावर होता. दोन्ही सायकली मूळ भागांसह परत करायच्या, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी तोवर एका सायकलची मूळ चाकं विकून तीन शर्यतींची प्रवेश फी भरली होती. ज्या मुलाला विकली त्याच्याकडे परत गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं, चाकांकडे बघितलं, आणि किंमत दीडपट सांगितली.