ईमॅक्समध्ये शॉर्टकट बदलताय? या चुका टाळा

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर टाकून आठवडा होत नाही तोवर लोकांना सगळे शॉर्टकट बदलायचे असतात. बदला की, पण आधी कंट्रोल-एच, मग के, आणि मग हवी ती की दाबून बघा, ती आत्ता काय करते ते समोर येतं. एवढंही कोणी करत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाणारा घोळ म्हणजे कंट्रोल-आय. आमच्या ऑफिसात एका नव्या पोराने ती स्वतःची इनिट फाइल (ईमॅक्स सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) उघडायला लावली. झालं, पायथॉन लिहिताना टॅब दाबला की ओळ आत सरकायच्या ऐवजी इनिट फाइल हजर. पठ्ठ्याने कीबोर्ड बदलला, मग ईमॅक्स उडवून परत टाकला, पण इनिट फाइल होम फोल्डरमध्ये जशीच्या तशी, त्यामुळे दुखणंही तेच. अहो, आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या जुन्या कोडमध्ये, कंट्रोल-आय आणि टॅब दोन्हींचा नंबर 9च आहे! कंट्रोल-एम म्हणजे तसंच एंटर, 13. यांना हातच लावू नका. विंडोवाल्या ईमॅक्समध्ये दोन्ही वेगळ्या करायचा जुगाड आहे, पण टर्मिनलमधून सर्व्हरवर गेलात की तो संपला, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

मग लावायचं कुठे? कंट्रोल-सी आणि पुढे एक साधं अक्षर. ही जागा आणि एफ5 ते एफ9 युजरसाठीच राखीव आहेत, पॅकेजवाल्यांनी तिथे घुसायचं नसतं. माझं सगळं तिथेच असतं. दुसऱ्याची अख्खी कॉन्फिग उचलून चिकटवणाऱ्यांना हे कोण सांगणार, त्यांना आजच्या आज सगळं हवं असतं.

ग्लोबल की लावूनही चालत नाही? मोडची, म्हणजे त्या-त्या प्रकारच्या फाइलसाठी ईमॅक्स जे रूप घेतो त्याची, स्वतःची की ग्लोबलला (सगळीकडे लागू असलेल्या कीला) भारी पडते. कंट्रोल-स्वल्पविराम लावून बघा, ऑर्ग मोडमध्ये (नोंदी आणि कामांच्या याद्यांचा मोड) गेलात की तुमची कमांड गायब आणि अजेंडाच्या फाइली फिरायला लागतात. अशा वेळी त्या मोडच्याच कीमॅपमध्ये (कोणती की काय करते त्या यादीत) लावा, तेही मोड लोड झाल्यावर.

'कमांडपी'वाली एरर आली तर बहुतेक वेळा तुम्ही कीला लावलेल्या फंक्शनमध्ये 'इंटरॅक्टिव्ह' लिहायचं राहिलंय.

चालू कमांड थांबवणारी कंट्रोल-जी तेवढी सोडा. प्लीज.

आणि मराठी लिहिणाऱ्यांनो, लिनक्सवर सिस्टीमचाच कीबोर्ड मराठी केला की बऱ्याचदा कंट्रोलवाले शॉर्टकट अडतात. सिस्टीम इंग्रजीतच राहू द्या, कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून ईमॅक्सच्या आतलं देवनागरी-इनस्क्रिप्ट घ्या, शॉर्टकट शाबूत राहतात.