‘काका, अर्जंट हाय’ म्हणायच्या आधी या चुका टाळा

कॉलेजच्या पोरांची चालढकल बघायची असेल तर झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसा. घरच्यांना वाटतं पोरगं रूमवर वाचतंय, सरांना वाटतं घरी लिहितंय, आणि सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या काउंटरवर पेन ड्राइव्ह घेऊन उभं असतं. बेळगावात टिळकवाडीत कॉलेजांच्या वाटेवरच दुकान असल्यानं दर सेमिस्टरला हेच बघतो. चुका त्याच, पोरं तेवढी नवी.

झेरॉक्स काढला म्हणजे अभ्यास झाला

धंद्याविरुद्ध बोलतोय, पण बोलतो. टॉपरची वही, सिनियरच्या नोट्स, जुने पेपर, सगळं स्पायरल करून न्यायचं आणि रूमवर कॉटखाली सारायचं. गठ्ठा हातात आला की जिवाला शांत वाटतं, तिथंच घोटाळा. पुढच्या इंटर्नलला तोच पोरगा त्याच नोट्स परत मागतो, कारण आधीचा गठ्ठा कुठं गेला त्याला ठाऊक नसतं. ओळखीच्या पोरांना मी एका वेळी एकच युनिट काढून देतो. त्यावर पेन्सिलच्या खुणा करून आण, मग पुढचं. काही जण रागावून पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत. कॉपी करायला खिशात मावणारं मायक्रो मात्र कुणालाच काढून देत नाही.

पहिल्या पानापासून लिहायला बसणं

जांबोटीकडचा बीसीएचा एक पोरगा. गावच्या दूध डेअरीचा हिशेब ठेवणारा प्रोजेक्ट त्यानं केला होता. लिटर, फॅट, आठवड्याचं बिल, सगळं मोबाइलवर चालवून दाखवलं. प्रोग्रॅम कधीचाच तयार होता, रिपोर्टचं एक पान नव्हतं. ‘काका, इंट्रोडक्शनच सुचंना.’ रोज फाइल उघडायची, रिकामं पान बघायचं, बंद करायची. शेवटी आदल्या दिवशी सिनियरचा लायब्ररीवरचा रिपोर्ट घेतला आणि ‘स्टुडंट’च्या जागी ‘फार्मर’ घालून टाकलं.

छापताना वाचायची माझी खोड. बघतो तर शेतकरी पुस्तकं नेतोय आणि उशिरा परत केली तर दंड भरतोय! त्याला दाखवलं तर म्हणाला, ‘एवढं कोण वाचतंय, काका?’ तेवढ्यात करंट गेला. परत आला तोवर जांबोटीची शेवटची बस गेलेली. हार्ड बाइंडिंगचा गम वाळायला रात्रभर प्रेसखाली ठेवावं लागतं, ते त्याला सांगितलं तर डोळ्यात पाणी. रात्री अनगोळला मित्राच्या रूमवर झोपला, सकाळी अर्धवट ओलं पुस्तक घेऊन पळाला. गाइडनी नेमकं दंडाचंच पान उघडलं म्हणे. रिपोर्ट परत.

तो परत आला तेव्हा त्याला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, ‘डेअरीत सकाळी काय काय होतं सांग बघू.’ मराठीत घडाघडा बोलत सुटला: दूध मोजणं, फॅट लावणं, वहीत खाडाखोड, बिलावरनं होणारी भांडणं. म्हटलं, हेच लिही की. तेच त्याचं इंट्रोडक्शन झालं.

अशा पोरांना सरसकट आळशी म्हणणारे मला पटत नाहीत. आमच्या भागातली कितीतरी पोरं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावीला गेल्या गेल्या सगळी पुस्तकं इंग्रजी. पहिलंच पान कळत नाही, मग पुस्तक उघडायलाच नको वाटतं. त्यामुळं जे येतं तिथनं सुरू करा: स्क्रीनशॉट, आकृती, सोडवलेलं एखादं गणित. आधी मराठीत, मोडकंतोडकं का असेना. प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

स्वतःची तारीख मनातल्या मनात ठरवणं

मानसशास्त्राच्या एका मुलीचा सेमिनार छापताना हे वाचलं. एरिएली आणि वेर्टेनब्रोख या दोघांचा २००२ सालचा अभ्यास. अमेरिकेत एमआयटीतल्या एका वर्गाला तीन पेपर लिहायचे होते. काहींना सरांनी सारख्या अंतरानं तारखा बांधून दिल्या, काहींना आपापल्या ठरवायला सांगितल्या. बांधून दिलेल्यांना मार्क जास्त पडले. ती तर नोकरी करून शिकणारी मोठी माणसं. त्यांची ही गत, तर आपल्या पोरांची काय सांगावी? दहा पानं झाली की छापा आणि गाइडच्या टेबलावर नेऊन ठेवा. पुढची दहा कधी आणायची ते त्यांनाच विचारा. शिव्या खाव्या लागतील, पण तारीख पक्की होते.

बाकीचं थोडक्यात. ‘गणपती झाले की बसतो’ म्हणणाऱ्याचा दसरा येतो, मग दिवाळी. दुसऱ्या सेमिस्टरला वैशाखातली शिवजयंती, चित्ररथाची तयारी. मिरवणुकीला जा, नाचा, कोण नको म्हणतंय? पण मंडळात जायच्या आधी तास-दीड तास बसा. रंगीत पेनांनी वेळापत्रक सजवू नका, त्यातच रविवार जातो. मोटिवेशनचे व्हिडिओ बघून उठलेला आणि थेट वहीकडं गेलेला पोरगा मला अजून भेटायचाय. एआयकडनं आख्खा रिपोर्ट लिहून आणणाऱ्यांना एवढंच विचारतो, व्हायव्हाला तेच बसणार काय?

आणि फाइल पीडीएफ करून आणा. वर्डमध्ये आणली की माझ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट हलतो, चित्रं पुढच्या पानावर पळतात, आणि मग ‘तुमच्याकडंच काहीतरी झालं’ म्हणून माझ्याशीच भांडता.