व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर: विकतचं की मोफत, हे ठरवताना या चुका टाळा

बहुतेकांचा पहिला प्रश्न पैशांचा असतो. त्याआधी हे पाहा की तपासणीसाठी तुमचा मजकूर जातो कुठे.

‘ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असं) आहे ना, मग सगळं माझ्याच कॉम्प्युटरवर राहणार’ हा समज सर्वांत महागात पडू शकतो. लँग्वेजटूल या व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचंच पाहा. त्याचा गाभा ओपन सोर्स आहे, पण ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकून ते वापरलं, की तुमची वाक्यं कंपनीच्या सर्व्हरवर जातात. ग्रामरलीतही तपासणी सर्व्हरवरच होते. करारपत्रं, रुग्णांची माहिती, अप्रकाशित प्रबंध असं काही हाताशी असेल तर लँग्वेजटूलचा सर्व्हर स्वतःच्या मशिनवर चालवा. तो चालायला मशिनवर जावा हे सॉफ्टवेअर लागतं आणि तुम्ही बदल केला नाही तर तो ८०८१ या पोर्टवर (मशिनमधल्या जोडणीच्या क्रमांकावर) उघडतो. लिबरऑफिस हे लेखनाचं मोफत सॉफ्टवेअर ७.४ पासून पुढचं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये या सर्व्हरचा पत्ता देता येतो. इंग्रजीपुरतंच काम असेल तर हार्पर हा सुटसुटीत पर्याय आहे. तोही ओपन सोर्स आहे आणि तपासणी तुमच्याच मशिनवर करतो.

इथे पुढची अडचण येते. घरचा सर्व्हर सुरू केला, पण चुका कमीच सापडतात. लगेच ‘फुकटचं ते फुकटचंच’ असं म्हणू नका. भाषा नुसती ‘इंग्रजी’ निवडली असेल तर स्पेलिंग तपासलंच जात नाही. अमेरिकन किंवा ब्रिटिश असा प्रकार निवडावा लागतो. उच्चारात सारख्या शब्दांची अदलाबदल पकडायला एन-ग्रॅम डेटा (कोणते शब्द एकापुढे एक किती वेळा येतात याची आकडेवारी) वेगळा उतरवावा लागतो. इंग्रजीचा हा डेटा सुमारे ८ जीबीचा आहे, म्हणून आधी डिस्कवर जागा करा. एवढं करूनही प्रीमियमचे, म्हणजे विकतच्या आवृत्तीचे, नियम मात्र या सर्व्हरवर मिळत नाहीत. तेच हवे असतील तर पैसे भरणं रास्त आहे.

शुद्धलेखन तपासणी आणि व्याकरण तपासणी यांत गल्लत करू नका. लिबरऑफिस आणि फायरफॉक्समधलं हनस्पेल फक्त शब्द पाहतं. ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ पडलं तर ते गप्प राहतं, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

भाषांची यादीही पैसे भरण्याआधीच वाचा. लँग्वेजटूलच्या यादीत तमिळ आहे, मराठी नाही. प्रीमियम घेतलं म्हणून मराठी वाक्यं तपासली जाणार नाहीत.

शेवटची चूक म्हणजे लाल-निळ्या रेघा मोजून निवड करणं. जास्त रेघा म्हणजे जास्त चांगलं सॉफ्टवेअर, असं मुळीच नाही. एखाद्या जाणकाराने तपासून दिलेला तुमचा जुना लेख घ्या, त्याची दुरुस्तीपूर्वीची प्रत विकतच्या आणि मोफत अशा दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये टाका. जाणकाराने दाखवलेल्या चुकांपैकी किती पकडल्या आणि बरोबर वाक्यांवर किती वेळा उगाच बोट ठेवलं, हे दोन्ही लिहून काढा. मजकूर तुमच्याच विषयातला घ्या, कारण पारिभाषिक शब्दांवर बरीच सॉफ्टवेअर अडखळतात. ही तुलना संपेपर्यंत वर्षभराची वर्गणी भरू नका.