कूलरच्या पंख्याचा विंड टनेल: या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरात जुन्या कूलरचा पंखा, प्लायवूड आणि अ‍ॅक्रिलिकची शीट घेऊन मुलं विंड टनेल करायला बसतात, म्हणजे छोट्या मॉडेलवर वारा सोडून त्याचं बल मोजायचा बोगदा. आकडे जुळले नाहीत की सगळ्यात आधी मॉडेल मोडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, मॉडेलला हात लावू नका, आधी हवा बघा.

पंखा पुढे लावून मॉडेलवर वारा फेकला तर पात्यांतून सुटलेली हवा गरगरतच येते. पंखा मागच्या टोकाला लावा, त्याला हवा ओढू द्या. जाळी मात्र काढू नका. पुढच्या तोंडाशी रसवंतीत मिळतात तसले स्ट्रॉ एकमेकांना चिकटवून बसवा. 6 मिलिमीटरच्या स्ट्रॉचे 4-5 सेंटिमीटरचे तुकडे पुरतात. मग अगरबत्ती धरा. धुराची रेघ मध्येच विस्कटली, तर तिथे फट शोधा. ओढणाऱ्या बोगद्यात आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे बारीक फटही हवा आत खेचते. एम-सील लावून बुजवा.

मॉडेल फार मोठं नको. बोगदा 30 बाय 30 सेंटिमीटर असेल, तर वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ 45 चौरस सेंटिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे 5 टक्के. नाहीतर हवा कडेच्या अरुंद जागेतून जोरात निसटते आणि बल फुगून दिसतं.

खरी गफलत मोजमापात होते. 5 मीटर प्रति सेकंद वाऱ्यात एवढ्या मॉडेलवर साधारण 0.06 न्यूटन ड्रॅग, म्हणजे वाऱ्याचा मागे ढकलणारा जोर, येतो, काट्यावर जेमतेम 6 ग्रॅम. 1 ग्रॅमच्या पायरीने मोजणारा स्वयंपाकघरातला काटा इथे कुचकामी आहे, 0.1 ग्रॅमचा घ्या. मॉडेल धरणाऱ्या दांडीवरही वारा लागतो. नुसत्या दांडीचं बल वेगळं मोजून वजा करा, हे हमखास राहतं.

पुस्तकातली 1.225 ही हवेची घनता समुद्रसपाटीची, 15 अंशांची. आपलं शहर सुमारे 570 मीटर उंचावर. 40 अंशांच्या दुपारी घनता 1.05 किलो प्रति घनमीटरच्या आसपास उतरते. त्यात व्होल्टेज पडतं आणि पंखा मंदावतो. वेग 10 टक्के घटला की बल 19 टक्के घटतं, कारण बल वेगाच्या वर्गावर चालतं.

राईट बंधूंनी 1901 मध्ये सायकलच्या दुकानात केलेल्या बोगद्यात विमानाच्या पंखाच्या तुकड्यावरचं बल सपाट पट्ट्यांवरच्या बलाशी तोलून पाहिलं होतं. तुम्हीही मॉडेलच्या आधी आणि नंतर, त्याच दांडीवर, तेवढ्याच क्षेत्रफळाची चौकोनी पट्टी वाऱ्याला आडवी धरून मोजा आणि दोन्ही बलांचं गुणोत्तर वहीत लिहा. त्यात घनता कटते. पट्टीचे दोन्ही आकडे सारखे आले तर वेगही कटला. ते वेगळे आले, तर मधला मॉडेलचा आकडा खोडा आणि व्होल्टेज स्थिरावल्यावर पुन्हा मोजा.