उत्तर परत आलं? पुन्हा पाठवण्याआधी हे बघा

सिमएचवर (जुन्या संगणकांची नक्कल करणारा प्रोग्राम) ४.३बीएसडी ही जुनी युनिक्स प्रणाली चढवून दोन-चार यंत्रं यूयूसीपीने, म्हणजे फोनवरून टप्प्याटप्प्याने फायली आणि मेल पोचवणाऱ्या जुन्या पद्धतीने, जोडली की पहिला मेल बहुतेक वेळा पोचतो. अडतं ते उत्तर. ते मेलर-डीमनच्या, म्हणजे मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाने परत येतं आणि माणूस वैतागून तेच पुन्हा पाठवतो. तसं करू नका. सगळ्यात आधी एक गोष्ट: मेलच्या मजकुरात, सहीखाली, स्वतःचा पूर्ण पत्ता लिहा. हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या ओळींत, आहे की, असं म्हणू नका. हेडरवर विसंबूनच उत्तर परत आलेलं असतं.

मूळ मेलची प्रत ठेवा. एवढं कळतंच.

आता परत आलेला मेल शेवटपर्यंत वाचा. नुसता विषय वाचून भागत नाही. ‘ट्रान्स्क्रिप्ट ऑफ सेशन फॉलोज’ या ओळीखाली खरं कारण असतं. ‘यूझर अननोन’ असेल तर मेल त्या यंत्रापर्यंत गेला, नाव चुकलं. वाटेला हात लावू नका. ‘होस्ट अननोन’ असेल तर वाट चुकली. आणि नकार कोणत्या यंत्राने दिला ते बघा. त्याच्या आधीची वाट शाबूत आहे, दुरुस्ती तिथून पुढे करायची. मेलर-डीमनला उत्तर देऊ नका, ते तिथल्या पोस्टमास्तरच्या डोक्यावर जाऊन पडतं.

वाट चुकते कशी, ते एकदा नीट समजून घ्या. समजा तुम्ही तोरणा नावाच्या यंत्रावर, मधे राजगड, पलीकडे सिंहगडावर सुधा. तोरणाची तार फक्त राजगडाशी. सुधाचा मेल आला की अगदी वरच्या, कोलन नसलेल्या ‘फ्रॉम’ ओळीत राजगड!सिंहगड!सुधा असं (उद्गारचिन्हांनी जोडलेले टप्पे, डावीकडून उजवीकडे) दिसतं, कारण प्रत्येक टप्प्यावर ‘रिमोट फ्रॉम’ची नोंद जोडली जाते आणि आरमेल हा मेल स्वीकारणारा प्रोग्राम त्यातून वाट रचतो. खालच्या, कोलन असलेल्या ‘फ्रॉम:’ ओळीत मात्र राजगडाने आपलं नाव घातलंच नसेल तर नुसतं सिंहगड!सुधा उरतं. उत्तराची कळ दाबली की पुष्कळदा हाच तोकडा पत्ता उचलला जातो. तोरणाच्या एल.सिस फाइलमध्ये (थेट जोडलेल्या यंत्रांची यादी) सिंहगड नाही, म्हणून मेल परत. मारुतीच्या देवळापासून सांगितलेली वाट एसटी स्टँडवरून धरली तर दुसरं काय होणार? तेव्हा ‘टू:’ ओळ बघितल्याशिवाय मजकूर लिहायला घेऊ नका. चुकली असेल तर टिल्ड-एच (~h, पत्त्याच्या ओळी बदलायची आज्ञा) देऊन वरच्या ओळीतली पूर्ण वाट घाला.

आणि तुम्हाला आलेली अडचण सुधालाही येणार, हे लक्षात ठेवा. तुम्ही तुमची वाट हाताने नीट केलीत, तिच्याकडे तुमचा ‘फ्रॉम:’ तसाच तोकडा पोचेल आणि तिचं उत्तर तिच्याकडे परत जाईल. म्हणून पुन्हा सांगतो, मजकुरात पत्ता. तोही सगळ्यांना ठाऊक असलेल्या यंत्रापासून सुरू होणारा. समजा तुमचं नाव अनंत, तर: ...!राजगड!तोरणा!अनंत. पहिल्या तीन टिंबांचा अर्थ, राजगडापर्यंत तुमचं तुम्ही या. मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतली मंडळीही परदेशातल्यांना ...!यूयूनेट!शक्ती! आणि पुढे स्वतःचं नाव असाच पत्ता देत (यूयूनेट आणि शक्ती ही यंत्रं). बीएसडीचा मेल प्रोग्राम सही आपोआप चिकटवत नाही, राहून जातं ते त्यामुळेच. पत्ता .सिग्नेचर फाइलमध्ये ठेवा आणि मजकूर संपला की टिल्ड-आर (~r) देऊन ती ओढून घ्या. प्रत्येक वेळी.

सी शेलमध्ये (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) पत्ता थेट कमांडवर टाइप करत असाल तर प्रत्येक उद्गारचिन्हाआधी बॅकस्लॅश हवा. नाहीतर शेल ते मागच्या कमांडचं बोलावणं समजतं आणि ‘इव्हेंट नॉट फाउंड’ म्हणून मोकळं होतं. एकेरी अवतरणात घालून सुटका नाही. बोर्न शेलमध्ये ही कटकट नाही.

बँग (उद्गारचिन्ह) आणि अ‍ॅट एकाच पत्त्यात मिसळू नका. अ!ब@क यात काही यंत्रं आधी ‘क’कडे जातात, काही ‘अ’कडे. १९८६च्या आरएफसी ९७६ या मेल-नियमांच्या दस्तऐवजाने अ‍ॅटला मान दिला, पण जुन्या यंत्रांना ते कोण सांगणार? मिसळावंच लागलं तर टक्का वापरा: सुधा%सिंहगड@राजगड. राजगड आपलं नाव काढतो आणि टक्क्याचा अ‍ॅट करतो.

यंत्रांची नावं तपासा. जुनी यूयूसीपी पहिली सातच रोमन अक्षरं बघते, काही ठिकाणी सहाच. सिंहगड आणि सिंहगड२ तिच्या लेखी एकच.

पाथअलायस हा प्रोग्राम सगळ्यात कमी खर्चाची वाट काढून देतो, पण तो यंत्रांच्या जोडण्यांच्या नकाशावर चालतो. त्याच्या हिशेबात तासाला होणाऱ्या जोडणीचा खर्च ५००, रोजच्या जोडणीचा ५,०००, आठवड्याच्या जोडणीचा ३०,०००. नकाशात तार जिवंत आणि प्रत्यक्षात तुटलेली असेल तर तो ठामपणे चुकीची वाट देईल.

पाठवल्यावर मेलक्यू (सेंडमेलची रांग दाखवणारी कमांड) रिकामा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. सेंडमेलने, म्हणजे मेल वाटून देणाऱ्या प्रोग्रामने, यूयूएक्सच्या (यूयूसीपीकडे काम सोपवणारी कमांड) हाती दिलं की त्याच्या लेखी काम संपलं. मेल मात्र यूयूसीपीच्या स्पूलमध्ये, म्हणजे साठवणीत, फोन लागायची वाट बघत पडलेला असतो. यूयूक्यू ही यूयूसीपीची रांग दाखवणारी कमांड देऊन बघा. पलीकडच्या यंत्रावर एल.सीएमडीएस (L.cmds) या परवानगी असलेल्या कमांडच्या यादीत आरमेल आहे ना? नसेल तर मेल पोचूनही नाकारला जातो. सेंडमेलच्या स्वतःच्या रांगेत अडकलेला मेल साधारण ३ दिवसांनी परत येतो, तोवर दुसरी प्रत सोडू नका.

बाकी लॉग बघा. आणि पत्ता घातलात का मजकुरात? सहीखाली? राजगडापासून?