सीनियर लिव्हिंगची चौकशी आली की सगळ्यांना तोच पीडीएफ पाठवू नका

बेळगावात आमच्या सीनियर लिव्हिंगमध्ये, म्हणजे वयस्कर लोकांच्या राहण्याच्या ठिकाणी, फोन येतो तो बहुतेक वेळा मुलाचा नाहीतर मुलीचा, पुण्याहून, बेंगळूरहून, कधी अमेरिकेतून, आणि राहायला येणार असतात खानापूर नाहीतर निपाणीकडचे आई-बाबा. त्यामुळे खोलीचे दर सांगायच्या आधी एवढंच विचारा, आईंना दिवसभर काय करायला आवडतं? उत्तर लगेच गूगल शीटमध्ये टाका.

शीटमध्ये फार कॉलम नकोत. भाषा (मराठी, कन्नड की कोंकणी), पथ्य, आवड, आणि घरच्यांना कसली काळजी वाटते ते. हा शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा बघा, कारण एकाला रात्री बाबा पडतील याची भीती असते तर दुसऱ्याला लोक काय म्हणतील याची, मग दोघांना एकच उत्तर कसं चालेल? पहिल्याला बाथरूममधल्या आधाराच्या दांड्यांचा आणि रात्रपाळीच्या स्टाफचा मोबाईलवर काढलेला छोटा व्हिडिओ पाठवा, दुसऱ्याशी निवांत फोनवर बोला. आजारपणाची माहिती लिहिताना परवानगी घ्या, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तसंही विचारायलाच पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबल लावता येतात. 'भेट ठरली', 'कन्नडमध्ये बोला' अशी करा, आणि 'आता मेसेज नको' हे तर कराच. आम्ही एकदा दिवाळीच्या शुभेच्छा आणि ऑफर सगळ्या लिस्टला पाठवली, त्यात एक घर असं होतं की आजोबा जाऊन आठच दिवस झालेले. मुलीनं फक्त "बाबा गेले" एवढंच लिहिलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्या लिस्टला पाठवायचं, एक लक्षात घ्या, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नसेल तर मेसेज पोचतच नाही, म्हणून पहिल्याच फोनवर नंबर सेव्ह करायला सांगा. न्यूजर्सीतल्या मुलाला सकाळी साडेसातला मेसेज टाका, तिकडं आदल्या रात्रीचे नऊ-दहा वाजलेले असतात, माणूस निवांत असतो. आजींना मात्र टाईप केलेलं पाठवू नका, त्यांच्या भाषेत व्हॉइस नोट पाठवा, सावकाश बोलून.

भेटीच्या आदल्या दिवशी शीट उघडा, चहा बिनसाखरेचा हवा असेल तर स्वयंपाकघरात सांगून ठेवा, भजन आवडत असेल तर भेट भजनाच्या वेळेलाच ठेवा. आणि बोलताना मुलाकडं नाही, आजींकडं बघून बोला.