सिस्टिम फाइल चुकून डिलीट झाली असेल, तर या चुका टाळा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की जागा मोकळी करण्याच्या घाईत विंडोजच्या फोल्डरमधल्या अनोळखी नावांच्या फायली काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. विंडोज व्हिस्टापासून या फायलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या सेवेकडे असल्याने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहज काढता येत नाहीत. पण मालकी स्वतःकडे घेण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सर्रास सांगितल्या जातात आणि संरक्षणासाठी घातलेला अडसर ही निव्वळ कटकट वाटून लोक तो दूर करतात. कधी कुणाच्या सांगण्यावरूनही असे घडते. २००१ मध्ये एसयूएलएफएनबीके नावाची फाइल व्हायरस असल्याचा ईमेल जगभर फिरला आणि असंख्य लोकांनी ती काढून टाकली. प्रत्यक्षात ती विंडोजचीच, लांब फाइलनावे सांभाळणारी निरुपद्रवी फाइल होती. अशा प्रसंगी मूळ नुकसान बहुतेक वेळा भरून काढता येते. भरून येत नाही ते त्यानंतरच्या तासाभरात घाबरून केलेल्या गोष्टींमुळे झालेले नुकसान, म्हणून हा लेख मुख्यतः त्या तासाभराविषयी आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लगेच रिस्टार्ट करणे. चालू असलेल्या संगणकाने गरजेच्या बऱ्याच गोष्टी आधीच मेमरीत घेतलेल्या असतात, त्यामुळे फाइल गेल्यावरही तो काही काळ चालत राहतो. गेलेल्या फाइलची खरी गरज पुढच्या वेळी सुरू होताना लागते, आणि तेव्हा ती सापडत नाही. म्हणून संगणक चालू आहे तोवर आधी रिसायकल बिन पाहावा. शिफ्टसह डिलीट केले असेल किंवा कमांडने फाइल काढली असेल, तर ती तिथे मिळणार नाही. मग दुसरे काहीही करण्यापूर्वी घरातले फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, हिशेबाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी कराव्यात. विंडोज पुन्हा टाकता येते, आजीचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. त्याच वेळी बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे पाहून ती कागदावर लिहून ठेवावी. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेला असतो आणि दुरुस्तीच्या पडद्यावर हीच की मागितली जाते.

‘अमुक डीएलएल सापडली नाही’ असा संदेश आला की ती एकटी फाइल (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमना लागणारी सहायक फाइल) इंटरनेटवरून उतरवून विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये टाकणे, ही दुसरी मोठी चूक. अशा संकेतस्थळांवरची फाइल कोणत्या आवृत्तीची आहे आणि तिच्यात कुणी काय घातले आहे, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय तिची गरजही नसते, कारण संरक्षित फायलींच्या मूळ प्रती विनएसएक्सएस या फोल्डरमध्ये असतात आणि विंडोजला त्या तिथून परत आणता येतात. हरवलेल्या डीएलएलचे नाव एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० असेल, तर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल हा अशा फायलींचा संच इन्स्टॉल करावा.

परत आणण्याच्या या कामात क्रम महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेकांचा चुकतो. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिसम ही कमांड ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ या तीन पर्यायांसह चालवावी आणि ती पूर्ण झाल्यावर एसएफसी ही कमांड स्कॅननाऊ या पर्यायासह चालवावी. प्रत्येक पर्यायाच्या आधी तिरकी रेघ (/) असते आणि टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचे असते. डिसम मूळ प्रतींचा साठा दुरुस्त करते, एसएफसी त्या साठ्यातून हरवलेल्या फायली भरते. साठाच बिघडलेला असताना नुसती एसएफसी चालवली, तर काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत असे उत्तर मिळते आणि माणूस तिथेच हात टेकतो. डिसमचा टक्क्यांचा आकडा बराच वेळ एकाच जागी थांबतो. तेव्हा खिडकी बंद करू नये, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा.

संगणक सुरूच होत नसेल, तर सुरू होताना पॉवरचे बटण दाबून धरून तो लागोपाठ दोनतीनदा बंद केल्यावर रिकव्हरीचा निळा पडदा येतो. तिथे स्टार्टअप रिपेअर आणि, रिस्टोअर पॉइंट (विंडोजच्या आधीच्या स्थितीची जपून ठेवलेली नोंद) तयार झालेला असल्यास, सिस्टिम रिस्टोअर करून पाहावे. सिस्टिम रिस्टोअर आपल्या वैयक्तिक फायलींना हात लावत नाही. तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्येही एसएफसी चालते, मात्र विंडोज कोणत्या ड्राइव्हवर आहे ते तिला सांगावे लागते आणि त्या पडद्यावर नेहमीचा सी कधी डी म्हणून दिसतो, म्हणून फोल्डर आधी तपासून घ्यावेत. फोटो अजून वाचवायचे राहिले असतील, तर त्याच कमांड प्रॉम्प्टमधून नोटपॅड उघडून त्याच्या फाइल उघडण्याच्या खिडकीतून ते पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात.

हे काहीच न केलेला संगणक दुकानात नेऊन ‘फॉरमॅट करून द्या’ असे सांगणे, ही चूक मला सर्वांत जिव्हारी लागते, कारण त्यात वाचू शकणारी माहितीही जाते. दुकानदाराला आधी डेटा काढून ठेवायला स्पष्ट शब्दांत सांगावे. विंडोज सुरू होत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार केलेला सेटअप विंडोजमधूनच चालवून, फायली व प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय निवडावा. विंडोज नवी होते आणि दोन्ही जागेवर राहतात. ‘रिसेट धिस पीसी’मध्ये फायली ठेवल्या तरी इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम जातात.

एका फोल्डरला मात्र वरचे उपाय लागू पडत नाहीत. विंडोजमधल्या लपवलेल्या इन्स्टॉलर फोल्डरमध्ये ऑफिससारख्या प्रोग्रॅमच्या दुरुस्तीसाठी, अपडेटसाठी आणि ते काढण्यासाठी लागणाऱ्या फायली असतात; त्या गेल्या तर एसएफसी त्या परत आणत नाही, तो तो प्रोग्रॅम त्याच्या मूळ सेटअपवरून पुन्हा टाकावा लागतो. जागाच हवी असेल, तर डिस्क क्लीनअपमधून जुन्या अपडेटच्या फायली काढाव्यात.